इतिहासात पीएचडी करायचीय, पण अर्जाला उशीर झालाय

तुमचं वय 34, ऑडिटची नोकरी, डोक्यावर कर्ज नाही आणि 26 महिन्यांचा घरखर्च भागेल इतकी शिल्लक. अमेरिकेत जाऊन इतिहासात पीएचडी करायचं नोव्हेंबरच्या मध्यावर ठरलं. डिसेंबरची मुदत गाठणं कठीण दिसतंय, म्हणून उशिरापर्यंत अर्ज घेणाऱ्या एमएला शिक्षणकर्ज काढून जावं का, असं तुम्ही विचारलंय.

कर्ज काढून एमए करू नका. तिथल्या चांगल्या विभागांत पीएचडीच्या विद्यार्थ्याला बहुधा फी माफ असते आणि शिकवण्यात मदत करण्याच्या बदल्यात साधारण पाच वर्षं विद्यावेतन मिळतं. एमएची फी मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःच भरावी लागते, आणि उशिरा अर्ज घेणारे अभ्यासक्रम बरेचसे याच प्रकारचे असतात. एक वर्ष थांबलात तर पगार चालू राहील, शिल्लक वाढेल. दोन वर्षं स्वखर्चाने शिकलात तर पगार बंद, शिल्लक आटलेली आणि वर कर्जाचा हप्ता. तो हप्ता पुढे विद्यावेतनातून निघणार नाही. इतिहासाच्या प्राध्यापकीच्या जागा 2008 च्या मंदीनंतर घटल्या आणि पूर्वीसारख्या परत आल्या नाहीत. त्यामुळे पदवीनंतरच्या पगाराच्या भरवशावर कर्ज काढणं मला धोक्याचं वाटतं.

मग यंदा अर्जच करायचा नाही का? तीन शिफारसपत्रं खात्रीने मिळणार असतील आणि जुन्या पेढ्यांच्या खतावण्यांवरचा तुमचा लेख पूर्ण होत असेल, तर विद्यावेतन देणाऱ्या दोन-तीन विभागांत जरूर करा. तो लेख अर्धवट असेल तर पाठवू नका. निवड समिती सगळ्यात बारकाईने वाचते ती हा लेखनाचा नमुना. जमा-नावे सहज वाचता येणारे अर्जदार इतिहासात फारसे नसतात, ही तुमची खरी जमेची बाजू आहे आणि ती घाईत वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. थांबलात तर त्या वर्षात लेख पुरा करा, ज्या भाषेतले कागद वाचायचे आहेत ती भाषा पक्की करा आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या प्राध्यापकांना आधीच पत्र लिहा.

आता शिल्लक. विद्यावेतन अनेकदा शैक्षणिक वर्षाच्या नऊ महिन्यांचंच असतं, आणि इतिहासाची पीएचडी पाच वर्षांत क्वचितच संपते. सहा-सात वर्षं सहज लागतात. म्हणून 26 पैकी निदान 12 महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत बाजूला काढा आणि शेवटच्या वर्षांपर्यंत त्याला हात लावू नका. निवृत्तीची गुंतवणूक मोडू नका. वर्षाला 8 टक्के मिळाले तर रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते, म्हणजे आजची रक्कम तुमच्या एकसष्टीपर्यंत आठपट. शिकत असताना नवी भर पडणार नाही, हा तोटा मोठा आहे. तो मान्य करूनच निघा.

प्रवेश मिळाला की विभागाला लेखी विचारा : उन्हाळ्याचे पैसे मिळतात का, आरोग्यविमा कोण भरतं, सहाव्या वर्षी काय? आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर 15 एप्रिलच्या आत उत्तर द्यायची सक्ती करायची नाही, असा तिथल्या बहुतेक विद्यापीठांचा संकेत आहे. तेवढा वेळ घ्या, आणि सही करण्याआधी ते पत्र मला दाखवा.