गाय घ्या, पण हप्त्याचा मेळ बसवून

प्रश्न : आमच्या बचत गटातली एक मैत्रीण सूक्ष्मकर्ज काढून दुभती गाय घ्यायची म्हणतेय. हप्ता दर आठवड्याला आणि फेड वर्षभरात. अशा कर्जानं बाईची गरिबी खरंच हटते का? तिला काय सांगू?

उत्तर : आधी गायीचं बोलू. व्यायल्यावर गाय साधारण दहा महिने दूध देते आणि पुढच्या वेताआधी दोनेक महिने आटवावी लागते. वेळेवर गाभण राहिली नाही तर भाकड काळ आणखी लांबतो. चारा मात्र रोज लागतो आणि हप्ताही थांबत नाही. म्हणून ताजी व्यालेली गाय बघा आणि पहिल्या आठवड्यापासून दुधाच्या पैशातला थोडा भाग बाजूला टाका. कर्जाचे शेवटचे हप्ते नेमके दूध आटल्यावर येतात, आणि तिथेच बायका सावकाराकडे वळतात. हे बघून माझा जीव तुटतो. हप्ते दोन महिने उशिरा सुरू करता येतील का, हेही विचारा. कोलकात्यात अशी सवलत देऊन पाहिली तेव्हा बायकांनी धंद्यात जास्त पैसा घातला, पण थकबाकीही वाढली.

व्याज 'सपाट' (म्हणजे शेवटपर्यंत मूळच्या पूर्ण रकमेवर) आहे की घटत्या शिलकेवर (फेडायच्या उरलेल्या रकमेवर), तेही विचारून घ्या. वर्षभराच्या कर्जावर १२ टक्के सपाट म्हणजे प्रत्यक्षात साधारण २२-२३ टक्के.

आता गरिबीचं. १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी स्वतःच्या खिशातून ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले. त्या माणसांच्या हातात काम आधीपासून होतं, अडत होतं ते भांडवलावाचून. अशा ठिकाणी कर्ज कामी येतं. नुसत्या कर्जानं सगळ्यांचंच उत्पन्न वाढतं, असं मात्र नाही. सहा देशांतले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, त्यांत सरासरी उत्पन्नात फारशी वाढ दिसली नाही. तेव्हा तुमच्या मैत्रिणीनं आधी गुरं सांभाळली आहेत का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट तिला स्पष्ट विचारा. दुधाचे पैसे कुणाच्या खात्यावर जमा होणार? कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या धंद्यात, हे फार घडतं. खातं त्याच्या नावावर असेल, तर आधी स्वतःचं उघडू दे. सही त्यानंतर.