चौथा रिमाइंडर पाठवू नका

प्रश्न: मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते आणि इथल्याच एका केंद्रीय कचेरीत २००४ पासून लिपिक आहे. पोलिओमुळे डाव्या पायाला कॅलिपर आहे, भरतीही दिव्यांग कोट्यातूनच झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमचा सेक्शन दुसऱ्या मजल्यावर नेला. तिथे लिफ्ट नाही. खाली बसू द्या म्हटले तर साहेब म्हणाले, ‘जमत नसेल तर व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्या.’ त्या वर्षीच्या सीआरमध्ये, म्हणजे गोपनीय अहवालात, दहापैकी ५.२ गुण आणि ‘शारीरिक मर्यादेमुळे उपयोग मर्यादित’ असा शेरा आला. आधीची सगळी वर्षे सातच्या वर आहेत. सीआर दाखवून सही घेतली, प्रत दिली नाही. एप्रिल २०२५ मध्ये एमएसीपीची, म्हणजे पदोन्नती नसली तरी ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वेतनवाढीची, यादी निघाली, त्यात माझे नाव नाही. ‘बेंचमार्क नाही’, म्हणजे लागणारी किमान श्रेणी नाही, एवढेच तोंडी सांगितले. ५ मे २०२५ ला त्याविरुद्ध अभ्यावेदन (लेखी निवेदन) दिले, मग जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत रिमाइंडर. उत्तर नाही. आमचे भावजी एका मंत्र्यांच्या बंगल्यावरून फोन करवू म्हणतात. हे म्हणतात, गप्प बस, बदली करतील. आता चौथा रिमाइंडर द्यावा का?

उत्तर: ताई, नको. तुमचे म्हणणे खरे आहे आणि कागदही बऱ्यापैकी आहेत. काळजी तारखेची आहे.

केंद्रीय कर्मचाऱ्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये, कधीपर्यंत जायचे हे १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ मध्ये ठरलेले आहे. अभ्यावेदन दिले आणि सहा महिने उत्तर आले नाही, तर तिथून पुढे एक वर्ष. तुमचे सहा महिने ५ नोव्हेंबर २०२५ ला संपले, म्हणून मुदत ५ नोव्हेंबर २०२६ ला संपते. रिमाइंडर दिला की घड्याळ पुन्हा शून्यावर येते, असा समज आपल्याकडच्या प्रत्येक कचेरीत आहे. ते येत नाही. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने हे स्पष्ट केले, आणि तो खटला आपल्याच राज्यातला होता: एस. एस. राठोर विरुद्ध मध्य प्रदेश शासन. उशीर माफ करण्याचा अधिकार कॅटला आहे, पण माफी मागत आत शिरण्यापेक्षा मुदतीत शिरलेले बरे. पगाराच्या बाबतीत मुदत लागत नाही, दर महिन्याला नवा हक्क उभा राहतो, असे कोणी सांगेल. त्यात थोडे तथ्य आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

आता तक्रार कशाची करायची ते ठरवू. तुमच्या पत्रात साहेबांचे बोलणे, जिना, सीआर आणि एमएसीपी एकाच दमात आले आहे. दुखणे एकच असले तरी कायद्यात त्याचे दोन वेगळे भाग पडतात. कॅटच्या कार्यपद्धतीच्या नियम १० नुसार एका अर्जात एकच वादकारण चालते, त्यातून निघणाऱ्या मागण्या मात्र कितीही. एमएसीपी आणि शेरा एकत्र चालतील, कारण शेऱ्यातूनच एमएसीपी गेली. दुसऱ्या मजल्याची मागणी त्यात घातलीत तर पहिल्याच तारखेला सरकारी वकील आक्षेप घेतील. तेव्हा जिन्याची मागणी बाहेर ठेवा, हकिकतीत तिचा उल्लेख पुरे.

एमएसीपीचा भाग आधी, कारण मुदत त्याची आहे. सातव्या वेतन आयोगानंतर, २५ जुलै २०१६ पासून, एमएसीपीचा बेंचमार्क ‘गुड’वरून ‘व्हेरी गुड’वर गेला. गुणांच्या भाषेत ४ ते ६ च्या आतले ‘गुड’, ६ ते ८ च्या आतले ‘व्हेरी गुड’. म्हणजे २० वर्षांच्या नोकरीनंतरची वाढ अडली ती ५.२ मुळे, आणि ५.२ मागचे कारण साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे. भेदभावाच्या खटल्यात असा कागद क्वचित हाती लागतो. बहुतेक अधिकारी ‘कामात रस कमी’ असे गुळमुळीत लिहून मोकळे होतात, मग ते पायामुळे लिहिले हे सिद्ध करता करता दम निघतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम २० शासकीय आस्थापनेला नोकरीच्या कोणत्याही बाबतीत भेदभाव करू देत नाही. पोटकलम ३ मध्ये केवळ दिव्यांगत्वावरून पदोन्नती नाकारता येणार नाही असे आहे. ‘एमएसीपी ही पदोन्नतीच नव्हे’ असा युक्तिवाद समोरून येणार. त्यात अडकू नका. तुमची भिस्त पोटकलम १ वर ठेवा. नोकरीच्या कोणत्याही बाबतीत म्हटले की एमएसीपी त्यात आलीच.

तुमची कमकुवत बाजूही सांगतो. सीआरविरुद्ध १५ दिवसांत निवेदन द्यायचे असते. ते दिले नाही तर सीआर अंतिम धरतात, आणि तुम्ही दिलेले नाही. पण केंद्राच्या कार्मिक विभागाच्या १४ मे २००९ च्या ज्ञापनानुसार संपूर्ण सीआर कर्मचाऱ्याला कळवून निवेदनाची संधी द्यायची असते. टेबलावर कागद पुढे सरकवून सही घेणे म्हणजे कळवणे नव्हे, हा मुद्दा आपल्याला नीट लढवता येईल. २००८ च्या देवदत्त निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळवण्यावर भर दिला आहे. तुमच्या सहीच्या वर काय छापले होते ते आठवून लिहून ठेवा. ‘प्रत मिळाली’ असे असेल तर मला आधीच सांगा, ते तारखेच्या दिवशी कळायला नको. शेऱ्याविरुद्ध निवेदन आज, उशिरा का होईना, द्या. त्यात प्रत न मिळाल्याचे कारण लिहा. उत्तराची वाट मात्र पाहत बसू नका.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्काचा. स्वतःच्या पाच वर्षांच्या सीआरच्या प्रती आणि एमएसीपी ठरवणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीच्या इतिवृत्तातला तुमच्यापुरता भाग मागा. कचेरीने दिव्यांग कायद्याच्या कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी नेमला आहे का आणि त्याच कायद्याच्या कलम २१ चे समान संधी धोरण कुठे आहे, हेही विचारा. सहकाऱ्यांच्या सीआर मागू नका. खासगी माहिती म्हणून नकार येईल आणि अपिलात महिने जातील.

कॅट सोडून थेट ग्वाल्हेरच्या उच्च न्यायालयात जाता येत नाही. राज्य सरकारचे कर्मचारी सिटी सेंटरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जातात कारण मध्य प्रदेशाचे राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण बंद झाले. तुम्ही केंद्राच्या, तुमचे खंडपीठ कॅटचे, जबलपूरचे. ग्वाल्हेरला त्याच्या सर्किट बैठका होतात. तिथे हरलात तर पुढे उच्च न्यायालय आहेच. अर्जाची फी ५० रुपये, वकिलाची अर्थात निराळी. मागण्या अशा: शेरा काढावा, तो वगळून तुमच्या प्रकरणाचा फेरविचार व्हावा, देय तारखेपासूनची थकबाकी मिळावी. साहेबांना नावाने प्रतिवादी करायची घाई नको. आकस मांडायचा तर तारीखवार तपशील लागतो. ‘व्हीआरएस घ्या’ हे वाक्य चीड आणणारे खरे, पण ते ऐकणारा सहकारी कॅटमध्ये शपथपत्र देईल का? मला शंका आहे. आपला लढा आदेशाशी आहे.

जिन्याचा भाग त्या मानाने सोपा, फक्त मागणी लेखी करा. आजवर तुम्ही तोंडीच बोललात. योग्य त्या सोयी नाकारणे हाच भेदभाव, असे कायद्याच्या व्याख्येतच आहे. तळमजल्यावर बसण्याची जागा हवी एवढे दोन ओळीत लिहा, दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. झाली नाही किंवा पटली नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि दिल्लीचे मुख्य आयुक्त, दिव्यांगजन. कचेरी केंद्राची असल्याने भोपाळच्या राज्य आयुक्तांकडे जाऊ नका. मुख्य आयुक्तांची शिफारस कचेरीवर कॅटच्या आदेशासारखी बंधनकारक नसते, पण ती मानणार नसाल तर तीन महिन्यांत कारण कळवा असे कलम ७६ सांगते. खुर्ची खाली आणण्यासाठी बहुधा एवढे पुरते. एमएसीपी त्यांच्याकडे नेऊ नका, एकच मागणी दोन ठिकाणी नको.

भावजींना नम्रपणे थांबवा. १९६४ च्या वर्तन नियमांतला नियम २० सेवेच्या बाबतीत बाहेरचे वजन आणायला मनाई करतो. बंगल्यावरून एक फोन गेला तर भेदभावाची चौकशी बाजूला राहील आणि तुमच्याच नावाची फाईल उघडेल.

यजमानांची भीती मी उडवून लावत नाही. बदली होऊ शकते. मात्र दिव्यांग कर्मचाऱ्यांना शक्यतो फिरत्या बदल्यांतून सूट द्यावी अशा ३१ मार्च २०१४ च्या कार्मिक विभागाच्या सूचना आहेत, आणि अर्ज दाखल झाल्यावर आलेल्या बदलीला कॅटमध्ये स्थगिती मागता येते. कॅटमध्ये जायला साहेबांची परवानगी लागत नाही.

या आठवड्यात शेऱ्याविरुद्धचे निवेदन, माहिती अधिकाराचा अर्ज आणि खालच्या जागेचा अर्ज असे तीन कागद पोचवा. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस धरले तरी हाती पुरेसा वेळ राहतो. ते आले की ५ मेच्या अभ्यावेदनाची पोच, यादीची प्रत आणि प्रमाणपत्र घेऊन वकिलाकडे जा. पोचेवरची तारीख आणि शिक्का पुसट असतील तर आवक नोंदवहीतल्या त्या नोंदीची प्रतही माहिती अधिकारातच मागून घ्या.