आई-बाबांना घेऊन दुब्रोव्हनिक

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. सप्टेंबरात आई-बाबा येताहेत, त्यांना तीन दिवस दुब्रोव्हनिकला न्यायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी आहे. एक दिवस मोस्तार किंवा कोटोर जमेल का?

उत्तर : आधी आई-बाबांच्या पासपोर्टवरचा व्हिसा बघा. दुब्रोव्हनिक क्रोएशियात आहे आणि क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे जर्मनीच्या व्हिसावर दुब्रोव्हनिकला जायला अडचण नाही. पण मोस्तार पडतं बोस्नियात, कोटोर मॉन्टेनेग्रोत, आणि हे दोन्ही देश शेंगेनबाहेरचे. व्हिसावर एंट्रीच्या रकान्यात ‘०१’, म्हणजे एकदाच प्रवेश, असेल, तर सकाळी हौसेने गेलेले आई-बाबा संध्याकाळी परतताना सीमेवर अडकतील. विमानाऐवजी क्रोएशियातल्याच स्प्लिट शहरातून बसने येणार असाल तरी रस्ता विचारून घ्या. २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल झाल्यापासून क्रोएशियातूनच येता येतं, पण नेउमवरून येणारा जुना रस्ता बोस्नियातून जातो.

जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत खोली घेऊ नका. फोटोत फार देखणी दिसते, पण तिथल्या मुख्य रस्त्याच्या, स्त्रादुनच्या, उत्तरेच्या गल्ल्या म्हणजे नुसते जिने, आणि दारापर्यंत गाडी नाही, म्हणजे बॅगा तुमच्याच हातात. तटबंदीबाहेर लापाद किंवा ग्रुझ भागात राहा आणि बसने जुन्या शहराच्या पिले दरवाजाशी उतरा. आतला स्त्रादुन सपाट आहे. मात्र फरशीचा दगड झिजून आरशासारखा झालाय, पाऊस पडला की हमखास घसरतो. बाबांना रबरी तळाचे बूट घालायला लावा, चपला नकोत.

तटावरची फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची, एकाच दिशेने, पायऱ्या भरपूर आणि सावली जवळपास नाहीच. बाबांनी ती सोडावी, त्यात काही बिघडत नाही. तुम्ही दार उघडताच जाऊन या, क्रूझची गर्दी यायच्या आत. तिकीट काढण्यापूर्वी दुब्रोव्हनिक पासची किंमत बघा, त्यात तट आणि शहर बस दोन्ही येतात. तोवर ते दोघं गुंडुलिच चौकातल्या सकाळच्या बाजारात अंजिरं घेत रमतील. फ्रान्सिस्कन मठातलं औषधालयही त्यांना दाखवा, ते १३१७ पासूनचं.

पिले दरवाजावरचा, दुब्रोव्हनिकचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत ब्लासियसचा पुतळा दाखवायला विसरू नका. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे आणि ते सोळाव्या शतकात इथल्याच व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात. बाबांना गप्पांना विषय मिळेल.

आईसाठी ‘ब्लित्वा’ मागवा : पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. बहुधा माशासोबत येते, म्हणून ताट वेगळं द्यायला सांगा. काळा रिझोतो तिच्या पुढ्यात येऊ देऊ नका, तो रंग माकुलच्या शाईचा असतो.

आणि कोटोरऐवजी क्रोएशियातल्याच, जवळच्या त्साव्तात गावाला जा. जुन्या बंदरातून बोट मिळते, किनाऱ्याचा रस्ता सपाट आहे आणि पासपोर्ट कोणी विचारत नाही.