पुण्याहून बडोद्यात आलेल्या अविवाहित स्त्रीसाठी गर्भपाताचा कायदा वेगळा असतो का?

नोकरीसाठी पुण्याहून बडोद्यात आलेल्या, आधार कार्डावर अजून पुण्याचाच पत्ता असलेल्या आपल्या अविवाहित मैत्रिणीला गुजरातमध्ये कायदेशीर गर्भपात करून घेता येईल का, आणि अमेरिकेप्रमाणे आपल्याकडेही राज्यागणिक कायदा बदलतो का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. बडोद्याच्या रावपुऱ्यातील एका लहान प्रसूतिगृहात एकोणीस वर्षे नोंदवह्या आणि कागदपत्रे सांभाळली, त्या टेबलामागून जे पाहिले आणि कामापुरता जो कायदा वाचावा लागला, त्याच्या आधारे लिहिते.

कायदा बदलत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 24 जून 2022 रोजी हा विषय तिथल्या राज्यांच्या हवाली केला, म्हणून तिथे हद्द ओलांडली की नियम बदलतो. आपला 1971 चा कायदा संसदेचा आहे आणि तो पुण्यात जसा आहे तसाच बडोद्यात आहे. (ज्या समितीच्या अहवालावरून तो आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह त्या वेळी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते, हे जाता जाता.) त्यात रहिवासाची अट नाही, त्यामुळे आधार कार्डावरील पत्त्याची काळजी सोडा. लग्नाविषयी म्हणाल, तर 2021 च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक साधन निकामी ठरण्याच्या कलमातील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आले, आणि 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 20 ते 24 आठवड्यांच्या टप्प्यातूनही अविवाहित स्त्रीला केवळ लग्न झालेले नाही म्हणून वगळता येणार नाही, असे स्पष्ट केले. मात्र केवळ मागितला म्हणून मिळावा, असा हा हक्क नाही. कायद्याने सांगितलेल्या कारणांपैकी एखादे लागू होते असे 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत लागते, आणि 20 ते 24 आठवड्यांत, तेही नियमांत दिलेल्या प्रवर्गांपुरते, दोघांचे.

राज्याचा संबंध येतो तो कायद्याच्या अंमलबजावणीत. सरकारी रुग्णालयाला वेगळ्या परवानगीची गरज नसते. खासगी जागेला मात्र जिल्हा समितीची मान्यता लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग आढळले, तर निर्णय राज्याने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाचा असतो आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे असे नियम सांगतो. छोटाउदेपूरकडच्या एखाद्या गावातून बस पकडून येणाऱ्या बाईला कायदा तोच असतो, परंतु मान्यताप्राप्त जागा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जिथे असतील तिथवर पोहोचण्यात तिचे जे दिवस जातात, ते कायद्याच्या मोजणीतून कोणी वजा करीत नाही.

दिवस न्यायालयातही जातात. गुजरात उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये एका बलात्कारपीडितेचा अर्ज बारा दिवस पुढे ढकलला होता, तेव्हा तिला सत्ताविसावा आठवडा लागत होता. सर्वोच्च न्यायालयाने शनिवार 19 ऑगस्टला खास बैठक घेऊन या दिरंगाईबद्दल नाराजी व्यक्त केली आणि 21 तारखेला परवानगी दिली. कायदा दिल्लीतही तोच होता आणि अहमदाबादेतही तोच.

आता आपल्या मैत्रिणीला प्रत्यक्षात जिथे अडचण येण्याची शक्यता जास्त, त्या टेबलाविषयी सांगते. अठरा वर्षांवरील स्त्रीची एकटीची संमती पुरते. ती ‘फॉर्म सी’ वर घेतात आणि त्यात पतीच्या सहीसाठी ओळच नाही. आमच्या प्रसूतिगृहात मात्र या फॉर्मला आणखी एक कागद टाचलेला असे, सर्व शस्त्रक्रियांसाठी म्हणून छापून घेतलेला, आणि त्याच्या तळाशी गुजरातीत ‘पतिनी सही’ असा रकाना होता. एकटी आलेली बाई तिथपर्यंत आली की पेन थांबायचे. स्वागतकक्षातली मुलगी, मनात काही नसताना, ‘घरवाळा साथे नथी आव्या?’ असे विचारायची, आणि दोनतीन वेळा तरी मी बाई पर्स उचलून निघून जाताना पाहिली आहे. त्यातली एक पुढच्या आठवड्यात परत आली. बाकीच्यांचे काय झाले ते कळले नाही. नंतर मी तो रकाना निळ्या पेनने आधीच खोडून ठेवू लागले. मालकांना ते आवडले नाही, पण कायद्यात असे कुठे लिहिले आहे ते दाखवा म्हटल्यावर ते गप्प बसले.

गुप्ततेची तरतूद तितकीच पक्की आहे आणि ती आम्ही नीट पाळत असू. संमतीचा फॉर्म आणि डॉक्टरांचे मत एका पाकिटात घालून, त्यावर ‘गुप्त’ असे लिहून आणि नोंदवहीतला अनुक्रमांक टाकून ते मोहोरबंद करीत. नाव फक्त त्या एका नोंदवहीत असे; केसपेपरावर आणि शस्त्रक्रियागृहाच्या वहीत नुसता क्रमांक. अधिकार नसलेल्या कोणालाही ओळख सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घरी फोन करून विचारू, असे कोणी म्हणालेच तर आपल्या मैत्रिणीने हे शांतपणे ऐकवावे.

गोळ्यांचा मार्ग नऊ आठवड्यांपर्यंतचा आहे, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. काही औषध दुकानदार कटकट नको म्हणून त्या ठेवतच नाहीत आणि काही चिठ्ठी न पाहताच देतात. दुसऱ्या प्रकारच्या दुकानात अजिबात जाऊ नये, कारण गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो निघत नाही, रक्तस्राव मात्र आतल्या आत होऊन जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट, जी टेबलापाशी रोज समजावून सांगावी लागे. आठवडे संबंध आला त्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे ‘सहा झाले असतील’ म्हणत येणारी बहुधा आठव्यात असते. ती तारीख आठवत असेल तर मैत्रिणीने कागदावर लिहून सोबत न्यावी, आणि जायचे ते याच आठवड्यात जावे.