स्टुडिओचा संगणक विंडोज १० वरून विंडोज ११ वर न्यावा काय? जुनी गाणी उघडतील काय?

राजारामपुरीतल्या घरी थाटलेल्या स्टुडिओचा संगणक विंडोज ११ वर नेल्यास पाच-सहा वर्षांपूर्वीची गाणी पूर्वीसारखी उघडतील काय, असे आपण विचारले आहे. माझाही स्टुडिओ कोल्हापुरातच, शिवाजी पेठेत घराच्या माडीवर आहे आणि हा बदल मी नुकताच केला असल्यामुळे अनुभवावरून लिहीत आहे.

बदल अवश्य करावा, मात्र जुन्या डिस्कला हात न लावता. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडला असा नव्हे. रेकॉर्डिंगचा संगणक इंटरनेटला जोडतच नसाल, तर घाईचे काही कारण नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. टीपीएम नाही असा संदेश आला तरी निराश होऊ नये, कारण पुष्कळदा ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसते बंद ठेवलेले असते. इंटेलच्या बोर्डावर त्याचे नाव पीटीटी असते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम.

गाणी न उघडण्याचे खरे कारण बहुधा विंडोज नसते. ते प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेली वाद्यांची वा इफेक्टची छोटी सॉफ्टवेअरे) आणि ऑडिओ इंटरफेसचा (माइक-वाद्ये संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) ड्रायव्हर, म्हणजे ती पेटी विंडोजला ओळखू देणारे सॉफ्टवेअर, यांत असते. मागच्या वेळी विंडोज ७ सोडताना मी त्याच झटक्यात रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअरही नव्या ६४-बिट आवृत्तीवर नेले आणि एका तालमीच्या मंडळासाठी केलेला पोवाडा उघडला, तर शाहिरांचा आवाज जागेवर होता, पण हलगी आणि तुणतुणे मुके झाले होते, कारण ते ज्या ३२-बिट प्लगइनमधून वाजत होते ते नव्या आवृत्तीला दिसतच नव्हते. (रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२-बिट, म्हणजे जुन्या घडणीचे, प्लगइन आजही चालवता येतात; ती सोय मला फार उशिरा कळली.) तेव्हापासून प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक, पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सलग, वेव्ह फाइल म्हणून काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवण्याची सवय मी लावून घेतली. हे काम कंटाळवाणे आहे. चाळीस गाण्यांना माझे दोन रविवार गेले. तरीही आपण पहिल्यांदा तेच करावे, कारण वेव्ह फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

त्यानंतर इंटरफेसच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलचा विंडोज ११ साठीचा आसिओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी विलंबाने ने-आण करणारा) आहे की नाही, हे पाहावे. तो नसेल तर मी तरी थांबेन. आसिओफोरऑल या कोणत्याही इंटरफेसला चालणाऱ्या पर्यायी ड्रायव्हरवर गाणे ऐकता येते, पण गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज विनाविलंब द्यायचा असेल तर माझे त्याने समाधान झाले नाही.

एवढे जुळले, की नवी एसएसडी घ्यावी, जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवावी आणि नवीवर विंडोज ११ कोरे बसवावे. सॉफ्टवेअरचे परवाने डाँगलवर (यूएसबीला लावायच्या किल्लीवर) असतील तर ते डाँगलसोबतच येतात. मात्र एकाच संगणकापुरते दिलेले परवाने जुन्या विंडोजमधून आधी मोकळे करून घ्यावेत. नव्या विंडोजमध्ये वीजबचत आणि यूएसबी झोपवणारी सेटिंग बंद करावी आणि बफर (संगणक एका वेळी साठवून पुढे देतो तो आवाजाचा तुकडा) १२८ नमुन्यांवर ठेवून एक भरगच्च गाणे वाजवावे, ४४.१ किलोहर्ट्झला बफरमुळे होणारा विलंब एका दिशेने सुमारे २.९ मिलिसेकंद होतो. कडकड ऐकू आली तर २५६ करावा, आणि तरीही थांबली नाही तर लेटन्सीमॉन हे तपासणीचे सॉफ्टवेअर चालवून कोणता ड्रायव्हर अडवतो ते पाहावे. माझ्याकडे वाय-फायचा निघाला.

हे सारे गणपती-नवरात्राच्या तोंडावर करू नये. तेव्हा मंडळांची कामे रात्री दहाला येतात आणि सकाळी हवी असतात. नवरात्र उरकल्यावर हात घालावा, आणि जुनी डिस्क पुढचा गणपती होईपर्यंत तरी पुसू नये. माझी अजून कपाटात आहे आणि परवाच एका जुन्या आरतीसाठी ती पुन्हा जोडावी लागली.