फार्सी भाषेच्या वाटेवर: शिराझपासून सुरुवात करा

तुम्ही विचारलं आहे की फार्सी येत नाही, हाताशी दहा-बारा दिवस आहेत आणि या भाषेचा, तिच्या साहित्याचा इतिहास जिथे घडला ती ठिकाणं पाहायची आहेत, तर सुरुवात कुठून करावी?

इराणमधल्या शिराझपासून करा. विमान तेहरानला उतरलं तरी तिथे रेंगाळू नका. आणि निघताना आपला एक शब्द बरोबर घ्या: बुद्रुक.

मी पुण्याजवळ आंबेगाव बुद्रुकच्या आसपास वाढले. पाटीवरच्या त्या शब्दाचा अर्थ मला कॉलेजात फार्सी घेतल्यावर कळला. मूळ शब्द ‘बुजुर्ग’, म्हणजे मोठा. खुर्द म्हणजे लहान. 2018 साली मी इराणला गेले तेव्हा हाच शब्द हुडकत फिरले, आणि दोन आठवडे पुरून उरेल एवढं त्याने मला दाखवलं.

शिराझपासून साठेक किलोमीटरवर तख्ते जमशीद, म्हणजे प्राचीन इराणी राजधानी पर्सेपोलिस, आणि त्याच्या जवळच नक्शे रुस्तम. बहुतेक लोक पहिल्या ठिकाणी दिवस घालवतात आणि दुसरं अर्ध्या तासात उरकतात. भाषेसाठी आलेल्याने नक्शे रुस्तमला सगळी सकाळ द्यावी असं मी म्हणेन. तिथे उभ्या कड्यात, खूप उंचावर, प्राचीन इराणचा सम्राट दारियस याची कबर कोरलेली आहे. तिच्यावरच्या लेखात तो स्वतःला ‘ख्शायथिय वझ्रक’ म्हणवतो, महान राजा. यातल्या पहिल्या शब्दाचा झिजत झिजत ‘शाह’ झाला आणि दुसऱ्याचा बुजुर्ग. लेख खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत असला तरी त्यात ‘पुत्र’ आणि ‘अहम्’ची सख्खी भावंडं भेटतात. समोरच दगडी चौकोनी मनोरा आहे, काबा-ए-झरतुश्त. त्याच्या भिंतींवर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला सासानी सम्राट पहिला शापूर याचा लेख आहे: मध्य फार्सी, पार्थियन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. म्हणजे मान वर केली की प्राचीन फार्सी, खाली केली की मध्य फार्सी, आणि मध्ये साडेसातशे वर्षं. दुर्बीण न्या, आणि लेखांचं लिप्यंतर छापून न्या. नुसत्या डोळ्यांनी तिथे काही लागत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी शिराझला परत या आणि कवी सादीच्या कबरीवर जा. त्याने ‘गुलिस्ताँ’ 1258 साली लिहिलं. आपल्याकडे दफ्तरातलं काम शिकणारी मुलं पिढ्यान्‌पिढ्या याच पुस्तकावर फार्सी शिकली. त्यातलं एक वाक्य मी तिथे उभी राहून मोठ्याने म्हटलं: ‘तवंगरी ब हुनर अस्त न ब माल, व बुजुर्गी ब अक़्ल अस्त न ब साल.’ हळू वाचा. तवंगर, हुन्नर, माल, बुजुर्ग, अक्कल, साल. तुम्हाला फार्सी येत नाही असं तुम्ही लिहिलंत, पण या वाक्याचा अर्थ मी सांगायची गरज आहे का? माझ्या शेजारच्या आजोबांनी दुसरा भाग माझ्याबरोबर म्हणून पुरा केला. आजोबांना तिथे ‘पेदर-बोझोर्ग’ म्हणतात, मोठा बाप. बाहेर चहावाल्याने ‘पूल-ए-खोर्द’ आहे का विचारलं, म्हणजे सुटे पैसे. आपला खुर्दा तो हाच.

हाफिजची कबर मात्र दोनदा पाहा, एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर. आठ खांबांवरचं छत, खाली गझल कोरलेला दगड. लोक येतात, दगडावर दोन बोटं टेकवतात, मग त्याचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, उघडतात आणि जे पान निघेल त्यात आपल्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर शोधतात. चौदाव्या शतकातला कवी घराघरांत असा वापरात असलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. या हाफिजला बहमनी दरबाराने दख्खनला बोलावलं होतं. तो होर्मुझपर्यंत आला आणि वादळ पाहून माघारी फिरला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तो फिरिश्ता स्वतः अहमदनगरच्या निजामशाहीत वाढलेला.

उरलेल्या दिवसांत विमानाने मशहद गाठा. तिथून जवळच तूस आहे, फिरदौसीचं गाव. सुमारे पन्नास हजार बैतांचं, म्हणजे दोन-दोन ओळींच्या कडव्यांचं, ‘शाहनामा’ त्याने 1010 साली पुरं केलं. अरबी सत्तेनंतर फार्सीने पुन्हा मान ताठ केली ती कशी, हे या एका ग्रंथात दिसतं. कबरीवरचं स्मारक 1934 साली खुलं झालं. शक्य झालं तर नक्काली ऐका. ‘शाहनामा’तल्या कथा उभं राहून, हातवारे करून सांगण्याची ही कला आपल्या कीर्तनाची आठवण करून देते. वेळ असेल तर खय्याम आणि अत्तार या कवींसाठी निशापूर.

जाण्यापूर्वी महिनाभर माधव जूलियनांचा फार्सी-मराठी कोश चाळा. 1925 सालचा आहे, पण मराठी माणसासाठी याहून चांगली तयारी नाही.

आणि तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची प्रवाससूचना नक्की पाहा. जाऊ नका असं त्यात असेल तर जाऊ नका, ताजिकिस्तानला जा. पंजकेंतजवळच्या पंजरूदला रूदकीची कबर आहे. आजच्या फार्सीत काव्य रचणारा पहिला मोठा कवी तो, 941 साली वारला. तिथली भाषाही फार्सीच, फक्त ती रशियन लिपीत लिहितात, आणि तेहरानला ज्याचा ‘बोझोर्ग’ झालाय तो शब्द तिथे अजून ‘बुझुर्ग’च म्हणतात.