"मला त्याची माया येत नाही, मॅडम"

2021च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं, त्याची मोजदाद नाही. कुणी मावशी, कुणी थोरली चुलती, कुणी नुकती नोकरीला लागलेली बहीण. आईबाप गेलेलं मूल घरात आलेलं असतं. जेवणखाण, शाळा, कपडे सगळं नीट चाललेलं असतं. आणि एक दिवस ती बाई माझ्यासमोर बसून, दाराकडे बघत, हळू आवाजात हे सांगते. पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: "मी वाईट आहे का?"

आज मी इंदूरच्या एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून. त्यांना इथं मामी म्हणू, कारण मुलगाही त्यांना तेच म्हणायचा. मुलाला बाळू म्हणू.

मामी सहासष्ट वर्षांच्या. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलच्या, म्हणजे ऑपरेटरनं जोडून द्यायच्या परगावच्या फोनच्या, बोर्डावर नोकरीला लागल्या, तिथूनच निवृत्त झाल्या. मूलबाळ नाही. अकरा वर्षं सासूबाईंचं अंथरुणातलं केलं, मग यजमानांचं. रामबागेतल्या जुन्या घरात एकट्या राहायच्या आणि त्यात त्यांना सुख होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "माझ्यातलं सगळं खर्चून झालंय. आता कुणाचं काही करायचं नाही, असं ठरवून मी मोकळी झाले होते."

बाळू त्यांच्या नणंदेचा नातू, आठ वर्षांचा. देवासला राहायचा. एप्रिल-मे 2021मध्ये तीन आठवड्यांत आई आणि वडील दोघंही गेले. नातेवाइकांच्या बैठकीत प्रत्येकाकडे कारण होतं. मामींकडे कारण नव्हतं, रिकामी खोली होती.

"चार महिने झाले. सगळं करते. पण तो शेजारी येऊन बसला की माझं अंग आखडतं. आणि आता तर चोऱ्या करायला लागलाय."

"काय काय नेलं?"

"काही ना काही रोज नाहीसं होतं. विचारलं तर म्हणतो, मी नाही उचललं."

मी मुलाला घेऊन या म्हटलं नाही. नाहीशा झालेल्या वस्तूंची यादी करून आणा म्हटलं. पुढच्या गुरुवारी त्या यादी घेऊन आल्या. ऑपरेटरचं सुबक अक्षर, वस्तूसमोर तारीख. माझ्याकडे पूर्वीपासून एक सवय आहे, लिहून आणलेलं मी मोठ्यानं वाचते. चष्म्याचं घर. फुलवातींची डबी. बामची बाटली. अंबाड्याचे आकडे. जुनं पासबुक, फोटो असलेलं. उशीचा अभ्रा.

"पैसे?"

"नाही. पैसे फ्रिजवर उघडेच असतात."

"अभ्रा धुतलेला होता?"

"नाही हो, उशीवरचाच काढून नेला. तेलकट."

मी यादी त्यांच्या हातात परत दिली आणि गप्प बसले. बराच वेळ गेला. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "हे सगळं माझ्या अंगाजवळचं आहे." आणि थोड्या वेळानं, "देवासचं घर आवरलं तेव्हा संसर्गाच्या भीतीनं सगळं जाळलं म्हणे. गादी, तिच्या साड्या, पर्ससुद्धा. हा तेव्हा शेजाऱ्यांकडे होता."

आईच्या वासाचं एक फडकं या मुलाकडे उरलं नव्हतं. या वेळी तो आधीच साठवून ठेवत होता. ही मामीही गेली तर हाताशी काहीतरी असावं, एवढाच त्याचा हिशेब.

मुलाच्या चोरीकडे बघायला मला शिकवलं ते डोनाल्ड विनिकॉट यांनी. लंडनच्या बालरुग्णालयात चाळीस वर्षं मुलांना तपासणारा हा डॉक्टर. 1956 साली त्यांनी मांडलं, की ज्याच्याकडून काही हिरावलं गेलंय असं मूल चोरी करू लागतं तेव्हा त्याच्यात आशा जागी झालेली असते. ते वस्तू शोधत नसतं, जिच्यावर आपला हक्क होता ती व्यक्ती शोधत असतं. ज्याची आशा संपली, ते मूल काही उचलत नाही. ते शहाण्यासारखं वागतं आणि सगळे त्याचं कौतुक करतात. माझ्या अनुभवात मला जास्त काळजी अशाच 'अगदी त्रास न देणाऱ्या' मुलांची वाटते.

विनिकॉट यांची आणखी एक गोष्ट मी मामींना सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं सारख्या पळून जाणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलाला तीन महिने स्वतःच्या घरी ठेवलं होतं. मुलानं त्यांना जेरीस आणलं. अगदीच हाताबाहेर गेला की ते त्याला दाराबाहेर ठेवत आणि 'तुझ्या अशा वागण्यानं मला तुझा द्वेष वाटला' असं स्पष्ट सांगत. मात्र दाराला त्याच्यासाठी खास घंटी होती. ती वाजवली की त्याला आत घेतलं जाई आणि झाल्या गोष्टीचा शब्दही निघत नसे.

"द्वेष वाटला, असं डॉक्टर म्हणाला?" मामींनी दोनदा विचारलं. त्या दिवशी त्यांचे खांदे पहिल्यांदा खाली आलेले मी पाहिले.

माया येत नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येकीला मला हेच सांगायचं असतं. राग येऊ दे, कंटाळा येऊ दे. मुलाला तुमच्या मनातली माया दिसत नाही, दार पुन्हा उघडतं का ते दिसतं. चिडलात तरी संध्याकाळी ताट त्याच जागी वाढलेलं असतं का, एवढंच ते तपासत असतं, आणि शंभर वेळा तपासतं. उसना लाड मात्र करू नका. ज्याचं एकदा सगळं गेलंय, त्याला खोटेपणाचा वास लगेच येतो. चोरीचं म्हणाल तर उलटतपासणी नको, चार जणांसमोर दप्तर झडती तर नकोच नको. 'मागितलं असतंस तर दिलं असतं' हेही नको, कारण त्याला जे हवंय ते मागायला त्याच्याकडे शब्दच नसतो.

मामींनी काय केलं? श्रीखंडाचा एक मोठा रिकामा डबा घासूनपुसून घेतला, त्यात स्वतःचा वापरलेला सुती रुमाल ठेवला आणि बाळूला दिला. "हा तुझा. ह्यात मी कधी हात घालणार नाही." एवढंच बोलल्या. डबा द्यायचं मी सुचवलं होतं. रुमाल त्यांचा.

राहिली रात्र. दिवे मालवले की बाळू त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही, जायचाही नाही. मामींना ते सहन होत नव्हतं.

"तुम्ही त्याला किती वेळ देऊ शकता? खरं सांगा. जास्त सांगू नका."

"तीन मिनिटं," त्या ताडकन म्हणाल्या आणि मग एकदम हसल्या. ट्रंक कॉलचा हिशेब तीन मिनिटांचा असायचा. वेळ झाली की ऑपरेटरनं मध्ये येऊन विचारायचं. जन्मभराची सवय.

मग तसंच ठरलं. रात्री उंबऱ्यावरून बाळू मूठ कानाला लावून म्हणायचा, "हॅलो, देवास बोलतंय." मामी पलंगावरून, "इंदूर. बोला." तीन मिनिटं झाली की त्या जुन्या आवाजात विचारायच्या, "तीन मिनिट हो गए, आगे बात करेंगे?" पहिले काही दिवस तो "नहीं" म्हणून झोपायला जायचा. नंतर "हां" म्हणायला लागला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतका नेमका उपाय मी कुणाला सुचवला नसेल, आणि हाही मी सुचवलेला नव्हता. मी फक्त खरा आकडा विचारला होता.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मामी आल्या त्या बसल्याच नाहीत. खिडकीपाशी उभ्या राहून बोलल्या. आदल्या रात्री बाळू म्हणाला होता, "ट्रंक कॉल बुक करायचाय. आईला."

"मी काय म्हणायचं होतं, मॅडम?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ती लाइन माझ्या बोर्डावर नाही रे. कुणाच्याच बोर्डावर नाही. पण तू बोल. मी लाइनवर आहे."

आणि तो बोलला. चित्रकलेची वही हरवली होती ती सापडली. शाळेचा टाय आता त्याचा तो बांधतो. मामीकडे आमटीत गूळ घालतात. पोह्यांवर जीरावन मसाला मात्र मागितला की मिळतो. मामी अंधारात ऐकत होत्या. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती, त्यांनी मध्ये विचारलं नाही.

लोक मुलांसमोर गेलेल्या आईबापांचा विषय काढत नाहीत, मूल रडेल म्हणून. त्या मुलाची आई मग दोनदा जाते, एकदा आजारानं आणि एकदा घरातल्यांच्या गप्प बसण्यानं. मामींनी खोटा दिलासा दिला नाही. आई वरून बघतेय, चांदणी झालीय, असलं काही सांगितलं नाही. लाइन नाही हे सांगितलं आणि स्वतः लाइनवर थांबल्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे सांगणार आहे.

एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी, कारण ती कुणी बोलत नाही. कोविडमध्ये अनाथ झालेल्या मुलांना मध्य प्रदेश सरकारनं महिना 5,000 रुपये सुरू केले. बाळूचेही आले. लगेच नातलगांत कुजबुज झाली, 'म्हणून ठेवलाय.' मामींनी पासबुक बाळूच्या हातात दिलं आणि दर महिन्याला बँकेत त्यालाच भरून आणायला लावलं. असं काही तुमच्या घरी असेल तर मुलापासून पैशाचा विषय लपवू नका. बाहेरून त्याला कळतोच, आणि वेडावाकडा कळतो.

चष्म्याचं घर जानेवारीत आपोआप जागेवर परत आलं. अभ्रा अजून डब्यात आहे.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला, या आठवड्यात येत नाही म्हणून. दोन वर्षांनी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघणार होती आणि बाळूला राजवाड्यापाशी ओळखीच्यांच्या गॅलरीतून ती दाखवायची होती. "गर्दी फार असते, म्हणून त्याच्या खिशात माझा नंबर लिहून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता पर्स उघडली तर माझ्या पर्समध्येही एक चिठ्ठी निघाली. त्याच्या अक्षरात. 'ही माझी मामी आहे. हरवली तर रामबागेत आणून द्या.'"